आठवड्याचे दळण

गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझा रक्ताचा अहवाल पाहून चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "आता आठवड्यातले चार दिवस तरी भात कमी करा. ज्वारी, नाचणी, कडधान्य, पालेभाजी वाढवा." साठीकडे झुकलेल्या गोंयकाराला भात कमी कर म्हणणे म्हणजे मांडवीला उलटी वाहा म्हणण्यासारखेच. पण साखरेचा आकडा समोर होता. घरी जाताना पणजीत एका दुकानातून ज्वारीच्या पिठाचे पाकीट घेतले. त्याच्यावर सोनेरी अक्षरांत 'सुपरफूड' असे छापले होते आणि किंमत पाहून सुरमई आठवली.

त्या पिठाची भाकरी काही झाली नाही. थापायला घेतली की कडा फाटायच्या, उचलली की तुकडे पडायचे. बायकोने परातीतला गोळा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "हे तुमचे औषध तुम्हीच करा." मी माझ्या एका स्नेह्यांना फोन लावला. ते मूळचे निपाणीजवळच्या बोरगावचे. तीस वर्षे गोव्यात नोकरी करून निवृत्तीनंतर गावी परतलेले. माझी व्यथा ऐकून ते पोटभर हसले. म्हणाले, "अहो, पीठ विरी गेलंय ते. ज्वारीचं पीठ आठवड्याच्या वर ठेवायचं नसतं. पाकिटातलं कधी दळलंय कुणाला ठाऊक! भोगीला या गावाकडं. आईच्या हातची भाकरी खा, मग बोलू."

वाचकहो, हा लेख त्या एका वाक्यातून निघाला आहे. ज्वारीचे पीठ आठवड्याच्या वर ठेवायचे नसते.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी पहाटे निघालो. साखळी, चोर्ला घाट, बेळगाव, मग पुण्याकडे जाणारा महामार्ग. ही वाट आपल्याला नवी नाही. आपल्या स्वयंपाकघरातली भाजी रोज याच घाटाने उतरते. वाटेत संकेश्वर लागते. तिथल्या मिरचीचे नाव पुरुमेंताची खरेदी करणाऱ्या आपल्या आया-मावश्यांना चांगले माहीत होते. मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मिरची मूळची अमेरिकेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि घाट चढून दख्खनमध्ये गेली. आता आपणच ती घाटावरून विकत आणतो! त्याच गलबतांतून आणखी एक पान आले, तंबाखूचे. अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरला आला, तेव्हा आदिलशाही मुलखात तंबाखू रुळलेली होती. त्याने ती नवलाईची वस्तू म्हणून बादशहासमोर नेली. या पानाने पुढे या भागाच्या ताटाचे काय केले, ते पुढे येईलच.

स्तवनिधीचा, म्हणजे तवंदीचा घाट उतरला की निपाणी. तिथून आत वळल्यावर दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागे मागे जात आम्ही बोरगावला पोचलो. दूधगंगेच्या खोऱ्यातले हे मोठे गाव पूर्वी चिकोडी तालुक्यात होते, आता निपाणी तालुक्यात आहे. इचलकरंजी इथून अगदी जवळ, पण ती महाराष्ट्रात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला आणि या गावांच्या पाठीशी सीमाप्रश्न लागला. घराघरांत मराठी आणि कानडी दोन्ही नांदतात. माझ्या स्नेह्यांचे घर जैन शेतकऱ्यांचे. या परिसरात ते सर्वत्र आढळतात. विसाव्या शतकातले पहिले मोठे दिगंबर आचार्य शांतिसागर यांचे भोज गाव आणि आचार्य विद्यासागर यांचे जन्मगाव सदलगा ही दोन्ही याच टापूतली.

घरात सगळे ज्यांना 'अव्वा' म्हणतात त्या माझ्या स्नेह्यांच्या आई. वय अठ्ठ्याऐंशी. चुलीजवळ त्यांच्यासाठी पाट मांडलेला, आणि सून थापत असलेल्या भाकरीवर त्यांची नजर. ताटात तीळ लावलेली बाजरीची भाकरी आली, शाळूची पांढरीशुभ्र भाकरी आली. भोगीची भाजी आली. तिच्यात हरभऱ्याचे ओले दाणे, घेवडा, पावटा, शेंगदाणे, तिळाचे कूट. गाजर मात्र नव्हते, कारण कंदमूळ या घरात वर्ज्य. शेजारी कारळ्याची चटणी, जवसाची चटणी, मेथीची कोवळी पाने तशीच कच्ची, आणि वाटीभर ताक. मी मनातल्या मनात डॉक्टरांचा कागद काढला. त्यावर लिहिलेले सगळेच्या सगळे या ताटात होते. भरड धान्य, कडधान्य, हिरवा पाला, तेलबिया, दही-ताक. आणि कोणी 'सुपरफूड' म्हटले नव्हते.

मी अव्वांना म्हटले, "तुमची माणसे पूर्वी रोज असेच जेवायची. म्हणूनच तुम्ही या वयात अशा ठणठणीत!"

अव्वा माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "रोज कुटलं वो? ही भोगी वर्साची एक. रोज भाकरी आन् चटणी. पावसाळ्यात हुलग्याचं माडगं, सांजच्याला ताकातल्या कण्या. माडगं दिसलं की आमाला लहानपणी रडू यायचं. भात सणाला. आमी काय हौसेनं खाल्लं व्हय ते? दुसरं व्हतं काय?"

माझ्या जुन्या काळच्या चित्राला पहिला तडा तिथे गेला. तो गेला ते बरेच झाले.

त्या दुपारी माझ्या स्नेह्यांनी मला जुन्या शेतीचा हिशेब समजावला. दसऱ्याच्या आसपास शाळू पेरायचा. शाळूत अधूनमधून करडईची ओळ, बांधाच्या कडेलाही करडई. तिच्या काट्यांमुळे गुरे पिकात शिरत नसत, कोवळी असताना तिची भाजी व्हायची आणि बियांचे घाण्यावर तेल. खरिपात जोंधळ्यात तूर, मूग, मटकी, हुलगा. कुठे अंबाडी, कुठे कारळे, कुठे तीळ. एकच रान, पण त्यात धान्य, डाळ, तेल आणि भाजी एकत्र. शाळूचा कडबा गुरांना, गुरांचे शेण रानाला आणि दूध घराला. म्हणजे आज आहारतज्ज्ञ ज्याला चौरस आहार म्हणतात, तो आधी शेतात पेरलेला असायचा. ताट ही शेताची नक्कल होती.

या धान्यांचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. ज्वारी आणि नाचणी मूळच्या आफ्रिकेतल्या. हजारो वर्षांपूर्वी इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. हुलगा, म्हणजे आपला कुळीथ, मात्र अस्सल इथला. दख्खनमधल्या नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननात त्याचे जळके दाणे मिळाले आहेत. म्हणजे ज्या माडग्याला पाहून अव्वांना रडू यायचे, तो या भूमीच्या सर्वांत जुन्या शिध्यांपैकी एक. वाळलेल्या कुळथात १०० ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. नाचणीत कॅल्शियम सुमारे ३५० मिलिग्रॅम, तर पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम १० च्या आसपास. पाकीटवाले हेच आकडे छापतात आणि ते खोटे नाहीत. पण आकडे एका दाण्याचे असतात, आणि माणूस एका दाण्यावर जगत नाही.

याचा धडा आपल्या देशाला फार कठोरपणे मिळाला आहे. १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ बेळगाव, कलादगी, धारवाड या जिल्ह्यांवरून वरवंट्यासारखा फिरला. सरकारी दुष्काळी कामांवर मजुरी किती द्यायची यावर वाद झाला. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरे असे ठरवले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनीही कष्ट करणाऱ्या शरीराला एवढ्यात भागत नाही, असे बजावले. माणसाला जगायला काय आणि किती लागते, हा प्रश्न आपल्याकडे सरकारी कागदावर एवढ्या ठळकपणे आला तो भुकेतून, हे विसरून चालणार नाही.

दुसरा धडा १९६० चा. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतले डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी दाखवून दिले की दख्खनमधल्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग होतो. कातडी काळवंडते, जीभ सोलवटते, मन भ्रमिष्ट होते. ज्वारी विषारी होती का? मुळीच नाही. पण ताटात ज्वारी सोडून फारसे काही नसले, डाळ, दूध, पाला नसला, तर तीच ज्वारी अपुरी पडते. म्हणजे ज्या धान्याला आज आपण सुपरफूड म्हणतो, तेच धान्य एकटे पडले तेव्हा माणसे आजारी पडली. पौष्टिक होते ते ताट, एकटा दाणा नव्हे.

आपण गोवेकरांनी फार हसू नये. भाताचीही तीच कथा. तांदूळ पांढराशुभ्र सडून खाणाऱ्या देशांत बेरीबेरीने माणसे मेली, आणि आपला जाडाभरडा उकडा तांदूळ खाणारे वाचले. भात उकडताना कोंड्याजवळचे जीवनसत्त्व दाण्यात मुरते, हे शास्त्र नंतर कळले. आपल्या आज्यांनी पेज करताना ते वाचलेले नव्हते. खाजनातला तांबडा कोरगुट, डोंगरातल्या कुमेरी शेतीतली नाचणी, तिचे तिजान आणि आंबील, कुळथाचे सार, हे आपलेही जुने ताट होते. ते आपण सोडले, तसे बोरगावने आपले सोडले.

बोरगावने का सोडले? इथे ते तंबाखूचे पान पुन्हा येते. निपाणी परिसरात तंबाखू आली, फोफावली, आणि तिच्याभोवती वखारी, व्यापारी आणि विडीचा धंदा उभा राहिला. शाळूपेक्षा तिचा पैसा रोख. पण ती माणसाने खायची नाही, गुरालाही घालायची नाही. घरच्या रानात जे पिकायचे ते आता दुकानातून आणायचे झाले. आणि भाव पडला की दुकानही बंद. १९८१ च्या वसंतात तंबाखूच्या भावासाठी शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, बारा शेतकरी मेले. अव्वांच्या घरचेही कोणी ना कोणी त्या रस्त्यावर बसले होते. माझे स्नेही त्याबद्दल फार बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "शाळूसाठी असं कधी मरावं लागलं नव्हतं."

इकडे सरकारचे धोरणही वेगळ्या दिशेने चालले होते. पन्नाशीच्या दशकापासून अमेरिकेचा गहू आला, मग हरितक्रांतीचा गहू-तांदूळ, आणि रेशनवर तेच मिळू लागले. १९६४ मध्ये 'सीएसएच-१' हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले. लोक त्याला नुसते 'हायब्रीड' म्हणत. उत्पन्न भरपूर, पण भाकरीला शाळूची चव नाही आणि कडबा आखूड. मग काळम्मावाडीचे धरण झाले, दूधगंगेचे पाणी कालव्यांत खेळले, साखर कारखाने उभे राहिले आणि उसाने रान व्यापले. शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा? उसाला ठरलेला भाव, ठरलेले गिऱ्हाईक. शाळूला राखणीलाच माणूस लागतो, नाही तर पाखरे खाऊन जातात. १९६० च्या सुमारास देशात सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टरांवर ज्वारी होती. आता ती ५० लाख हेक्टरांच्याही खाली आहे.

मग २०१८ मध्ये केंद्र सरकारने 'भरड धान्य' हे नाव बदलून 'पोषक धान्य' केले आणि भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष पाळले. हैदराबादच्या त्याच पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवी आहारतत्त्वे सांगितली. दोन हजार उष्मांकांच्या ताटात भाज्या ४०० ग्रॅम, धान्ये २५० ग्रॅम आणि त्यांतली निम्मी तरी कोंड्यासह, डाळी ८५ ग्रॅम. ते वाचताना मला अव्वांच्या ताटातली वाटी न् वाटी आठवली. पण आता उलटा प्रकार झाला आहे. भात सणाला खाणारे गरीब रेशनचा भात रोज खातात, आणि रोज भात खाणारे आम्ही पणजीत सोनेरी पाकिटातली ज्वारी शोधतो.

संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवणे आटोपली. या घरात रात्री चूल पेटत नाही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, मग त्या दिवशी कडधान्य. चातुर्मासात पालेभाजी बंद. म्हणजे धर्मानेही नकळत आठवड्याचे फेर धरलेले. आपल्याकडे सोमवार-गुरुवारचे शिवराक हे तसेच. नुस्ते नाही म्हणून त्या दिवशी मूग, चवळी, कुळीथ, तांबडी भाजी चुलीवर चढायची. तो नियम देवासाठी होता, पण त्याने ताट बदलते ठेवले. आज आपण शिवराकला पनीर आणि बटाटा खातो. देव रागावत नसेल, पण ताटातला फेर मात्र गेला.

जाण्यापूर्वी मी अव्वांना विचारले, "मग ज्वारी घरातून गेली कशी? ऊस आला म्हणून?"

त्यांनी सुनेकडे पाहिले, मग आपल्या तळव्यांकडे. "ऊस तर आलाच. पन जात्यावर दळताना माझी आई तीनला उटायची. मी उटायची. घरात पंद्रा मान्सं, चाळीस-पन्नास भाकरी रोज. उनाळ्यात चुलीपुढं अंगाची काहिली व्हायची. गिरण आली तवा आमी बाया हसलो, नाचायचं तेवढं राह्यलं. मग गहू आला. चपाती करून ठिवली तर दुपारपर्यंत ऱ्हाती. भात तर काय, चढवला की झाला. आता तुमी म्हनताय परत भाकरी खावा. खावा की! पन थापनार कोन, ते आदी इचारा."

सून काही बोलली नाही. तव्यावरची भाकरी तिने निखाऱ्याशी उभी केली. ती टम्म फुगली.

परतीच्या वाटेवर चोर्ल्याचा घाट उतरताना मला तेच ऐकू येत होते. आपण जुन्या आहाराचे गोडवे गातो तेव्हा शेताचे गातो, ऋतूंचे गातो, आजीच्या हाताच्या चवीचेही गातो. त्या हाताला पडलेले घट्टे मात्र हिशेबात धरत नाही. जे ताट टिकले नाही, ते चवीवाचून गेले नाही आणि अज्ञानानेही गेले नाही. ते पेरायला परवडेना आणि करणारीला झेपेना, म्हणून गेले. ते परत आणायचे तर या दोन्ही गाठी सोडवायला हव्यात. पहिली एकट्या माणसाच्या हातातली नाही. त्याला शाळूला बरा भाव हवा आणि रेशनच्या पोत्यात त्याला जागा हवी. दुसरी मात्र प्रत्येक घराच्या हातातली आहे.

आता मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून अख्खी ज्वारी आणतो. शनिवारी गिरणीवर दोन किलोच दळून घेतो, कारण त्याहून जास्त दळले तर विरी जाते, हे आता ठाऊक झाले आहे. गरम पाण्यात पीठ मळायचे, तळव्याच्या टाचेने रगडायचे, मग थापायचे. हे सगळे मी करतो. पहिला महिना भाकऱ्यांचे नकाशे झाले. गोव्याचा झाला, बेळगाव जिल्ह्याचाही झाला. आता त्या बऱ्यापैकी गोल होतात. सोमवारी कुळथाचे सार आणि भाकरी, बुधवारी नाचणीची आंबील, गुरुवारी मोड काढलेले मूग आणि तांबडी भाजी. इतर दिवशी उकडा भात आणि नुस्ते आहेच, पण पूर्वीच्या निम्मा. तीळ आणि जवस भाजून एका बरणीत, कारण अव्वांच्या ताटात चटणी होती. भाकरी दोनच, कारण चार खाल्ल्या तर ज्वारीनेही साखर चढते. डॉक्टरांनी तेही बजावले आहे.

माझा आकडा थोडा उतरला आहे. तो ज्वारीने उतरला, कमी भाताने उतरला, की शनिवारी डोक्यावर डबा घेऊन गिरणीपर्यंत चालत जाण्याने, ते सांगता येणार नाही. परवा स्नेह्यांचा फोन आला. अव्वांनी विचारले होते, "त्या गोव्याच्या पावन्यांची भाकरी फुगती का न्हाई?"

मी म्हटले, "त्यांना सांगा, दोनातली एक फुगते."

पलीकडून अव्वांचा आवाज आला, "मग अजून दळायला पायजे."